खिशातला फोन कोणाचा?

(वडोदरा येथे मंडळाच्या स्नेहमेळाव्यात कार्यकारिणीच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लिहिलेला पाहून काहींनी आल्याआल्याच विचारले, "फोनवर कसले भाषण? ज्याचा त्याचा फोन!" आमचे म्हणणेही तेवढेच आहे. ज्याचा त्याचा फोन. पण नोकरी करणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे वाक्य आता खरे राहिलेले नाही, म्हणून आपला थोडा वेळ मागून घेतला.

सुरुवात स्वतःपासून करतो. आपले सभागृह सांभाळणारे जे गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही, म्हणजे याच कार्यकारिणीने, गेल्या दिवाळीनंतर सांगितले की रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर आठ तासांचे लाइव्ह लोकेशन पाठवत जा. कारण क्षुल्लक होते. मांडववाले आले आणि सभागृहाला कुलूप, असे दोनदा झाले होते. फोन त्यांचा स्वतःचा, हप्त्यावर घेतलेला. रिचार्जही त्यांच्याच खिशातून. बैठकीत कोणाला काही वावगे वाटले नाही, आणि सर्वानुमते ठरले. तिसऱ्या आठवड्यात ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, सोमवारी माझी सुट्टी असते. त्या दिवशीपण पाठवायचे का? बायकोला दवाखान्यात न्यायचे आहे, म्हणून विचारले."

मंडळी, सुट्टीच्या दिवशी ते कुठे जाणार, हे आम्ही विचारले नव्हते. त्यांनीच सांगून टाकले. पाळत आहे म्हटले की माणूस न विचारता खुलासा देऊ लागतो. आमची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी तो प्रकार बंद केला आणि सभागृहाची दुसरी किल्ली शेजारच्या दुकानात ठेवली. त्यानंतर आजवर कुलुपाची तक्रार आलेली नाही. जे काम एका किल्लीने होत होते, त्यासाठी आम्ही एका माणसाचा फोन ताब्यात घेतला होता.

आता आपल्या घरांकडे पाहू. आपली मुले-सुना मकरपुऱ्यात, सावलीत, हालोलच्या कारखान्यांत, अलकापुरीच्या ऑफिसांत, नाहीतर पुण्या-बंगळुरात कामाला आहेत. त्यांना विचारा. हजेरी लावण्याचे अॅप स्वतःच्या फोनवर घ्यावे लागते, आणि ते लोकेशनची परवानगी 'नेहमी' अशी मागते. 'अॅप वापरताना' एवढी परवानगी दिली तर तक्रार येते. ऑफिसची मेल फोनवर घेताना एक सूचना येते. तीत फोनवरचे सगळे पुसून टाकण्याची परवानगी कंपनीला दिलेली असते. ती पूर्ण वाचून होकार देणारा आम्हाला अजून भेटलेला नाही. नोकरी सुटली आणि कंपनीने ती परवानगी वापरली, तर मेलबरोबर नातवाच्या बारशाचे फोटोही जातात. शिवाय रात्री साडेदहाला ग्रुपवर आलेल्या निरोपाला अकरापर्यंत उत्तर नसेल, तर सकाळी विचारणा होते ती वेगळीच.

आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे गायकवाडी राज्यात नोकरीला होते. कोठी कचेरीत संध्याकाळी दप्तराचा रुमाल बांधला की काम त्या रुमालात राहत असे. त्या नोकरीत जाच नव्हता असे नाही. गाव सोडायचे तर वरिष्ठांची परवानगी लागे, आणि सरकारी नोकरीत मुख्यालय सोडण्याचा तो नियम आजही आहे. पण घरची ट्रंक उघडून दाखवा, असे कचेरीने कोणाला म्हटले नाही. आजचा फोन ही ती ट्रंकच आहे. त्यात पत्रे आहेत, बँकेचे पासबुक आहे, डॉक्टरांचे रिपोर्ट आहेत, मुलीच्या स्थळाची बोलणी आहेत.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण आपल्यात दुकानदार आहेत, कारखानदारही आहेत. गिऱ्हाइकांच्या याद्या आणि दर फोनवरून बाहेर जातात, खोटी हजेरी लागते, फोन हरवला की कंपनीची माहिती जाते. या काळज्या खऱ्या आहेत. पण त्यावर उपायही आहेत. अँड्रॉइड फोनमध्ये कामाचा कप्पा वेगळा करता येतो. कंपनीला तो कप्पाच सांभाळता येतो आणि गरज पडली तर तेवढाच पुसता येतो. बाकीचे फोटो आणि निरोप तिला दिसत नाहीत. त्याहून सरळ उपाय म्हणजे कामाला फोन लागतो तर कंपनीने द्यावा. लेथ कारखान्याचा, वजनकाटा दुकानाचा, मग फोन तेवढा कामगाराचा का?

आपल्या देशात हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो करोनाच्या वर्षी. १ मे २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने हुकूम काढला की सरकारी आणि खासगी, सर्व कर्मचाऱ्यांना आरोग्य सेतू अॅप सक्तीचे राहील, आणि ते शंभर टक्के घेतले जाईल ही जबाबदारी त्या त्या संस्थेच्या प्रमुखाची. साथ भयंकर होती, हेतूबद्दल शंका नाही. पण कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर काय असावे हे पाहणे मालकाचे काम ठरले. १७ मे रोजीच्या नव्या हुकमात सक्तीची भाषा सौम्य झाली आणि शक्य तो प्रयत्न करावा, एवढ्यावर आली. सरकारलाही सोळा दिवसांत एक पाऊल मागे घ्यावे लागले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा दाखला महाराष्ट्रातला. २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांना पोषण ट्रॅकर अॅपवर नोंदी भरायला सांगितले. शासनाने दिलेले फोन कमी क्षमतेचे, त्यात हे अॅप नीट चालेना, दुरुस्तीचा खर्च अंगावर येऊ लागला आणि अॅपची भाषा इंग्रजी. मग स्वतःच्या फोनवर घ्या, असा आग्रह सुरू झाला. त्या ऑगस्टमध्ये हजारो सेविकांनी सरकारी फोन परत केले. काम करणार नाही असे त्या म्हणत नव्हत्या. कामाचे साधन चांगले द्या आणि मराठीत द्या, एवढेच मागत होत्या. भाषेसाठी झगडत आलेल्या आपल्यासारख्यांना ही मागणी समजावून सांगायला नको.

परदेशातही हे वाद झाले आहेत. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की कामासाठी स्वतःचा फोन वापरावाच लागत असेल, तर बिलाचा वाजवी हिस्सा मालकाने दिला पाहिजे, मग कर्मचाऱ्याला जादा खर्च आलेला असो वा नसो. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोनपासून मोकळे राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये लोकसभेत अशा हक्काचे खासगी विधेयक मांडले. खासगी विधेयके सहसा मंजूर होत नाहीत हे खरे, पण प्रश्न संसदेच्या पटलावर आला हेही थोडे नव्हे.

मग आपला कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पण मूलभूत हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध मागायचे असतात. खासगी मालकाला बांधायला वेगळा कायदा लागतो. तो व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. संमती मोकळेपणाने आणि समजून दिलेली असावी, असे हा कायदा म्हणतो. परंतु त्याच्या सातव्या कलमात एक वाट ठेवली आहे. नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवायही माहिती वापरता येते. 'नोकरीच्या कामासाठी' या शब्दांत काय बसते आणि काय नाही, यावरच पुढे सगळे भांडण होणार आहे.

म्हणून कायद्याची वाट पाहत बसू नये, असे आम्हाला वाटते. नोकरीच्या कागदांच्या गठ्ठ्यात घातलेली सही ही संमती नव्हे. जिथे 'नको' म्हणता येत नाही, तिथल्या 'हो'ला किंमत नाही. पहिली नोकरी लागलेल्या बावीस वर्षांच्या मुलाने मनुष्यबळ खात्यासमोर 'नको' कसे म्हणावे? ते त्याच्या बाजूने समाजाने म्हणायचे असते.

आमच्या सूचना पाच आहेत. कामाला फोन अटळ असेल तर तो मालकाने द्यावा, निदान रिचार्जचा वाजवी भाग द्यावा. अॅप काय पाहते, किती दिवस ठेवते आणि कोणाला दाखवते, हे कामगाराला त्याच्या भाषेत लिहून द्यावे. कामाची वेळ संपली की लोकेशन बंद करण्याची मुभा असावी. सगळा फोन पुसण्याचा अधिकार कोणी घेऊ नये. आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्याला स्वतःचा द्यायचा नाही, त्याच्यासाठी हजेरीचे रजिस्टर ठेवावे. यांतली एकही गोष्ट मालकाला बुडवणारी नाही.

हा ठराव फक्त कंपन्यांना पाठवून भागणार नाही. आपल्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाई, आपला ड्रायव्हर, दुकानातला मुलगा, यांचेही आपण मालकच आहोत. "फोन का उचलला नाहीस?" हा प्रश्न आपण त्यांना किती वाजता विचारतो, ते आज घरी जाऊन आठवावे. आपल्या मुलांसाठी जे मागायचे, ते आधी त्यांना दिले पाहिजे.

सभागृह सांभाळणाऱ्या त्या गृहस्थांची आम्ही माफी मागितली. ते हसून म्हणाले, "राहू द्या साहेब, हल्ली सगळीकडे असेच असते." मंडळी, आम्हाला काळजी वाटते ती या वाक्याची. 'असेच असते' हे आपल्या मुलांनी म्हणायला लागण्यापूर्वी हा ठराव मंजूर व्हावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.