यंत्राची मराठी आणि माणसांचे श्रम
(शताब्दी महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सौंसरजवळच्या जामसांवलीचा हनुमंत नागपूर-विदर्भातील भाविकांना नवा नाही. पहुडलेल्या स्थितीतील ती मूर्ती पाहण्यासाठी शनिवारी आणि मंगळवारी तेथे रीघ लागते. गावाचे नाव मात्र सर्वत्र एकसारखे लिहिले जात नाही. मध्य प्रदेशातील पाट्यांवर ते ‘जामसांवली’ असते, तर नागपूरकडील मराठी लेखनात तेच ‘जामसावळी’ होते. एकात अनुस्वार व ‘ल’, दुसऱ्यात अनुस्वाराविना ‘ळ’. भाविकाचे यामुळे काही अडत नाही. रस्ता एकच आहे आणि देवही एकच आहे.

संगणकाचे मात्र अडते. त्याच्या लेखी ही दोन निरनिराळ्या अक्षरांची दोन निरनिराळी नावे होत. ती एकाच गावाची आहेत हे त्याला कळावयाचे, तर कोणीतरी, कोठेतरी ती दोन्ही नावे लिहून ठेवलेली असावी लागतात. आजच्या व्याख्यानाचा विषय हा ‘कोणीतरी’ आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधी सध्या जे बोलले जाते त्यात यंत्राचे कौतुक असते किंवा यंत्राचे भय असते. यंत्राच्या पाठीमागे बसलेल्या माणसाची विचारपूस क्वचितच होते.

प्रथम या कामाचे स्वरूप थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. माणसाप्रमाणे लिहिणारे यंत्र प्रचंड प्रमाणातील मजकुरावरून शिकते. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे अंदाज ते त्या मजकुरातून बांधीत जाते. पुढे माणसे त्याची उत्तरे तपासतात, बरे-वाईट ठरवितात आणि त्या निवाड्यांवरून यंत्राला पुन्हा वळण लावले जाते. या सामग्रीला इंग्रजीतून आलेला ‘डेटा’ हा शब्द सर्वत्र चालतो. मराठीत त्यासाठी ‘विदा’ हा शब्द रूढ होत आहे. विदा आपोआप तयार होत नाही. ध्वनिफीत ऐकून ती लिहून काढणे, हस्तलिखितातील शब्द वाचून टंकित करणे, वाक्य स्तुतीचे की निंदेचे ते ठरविणे, छायाचित्रात काय आहे ते नोंदविणे, ही सारी माणसांची कामे आहेत. यंत्राला चित्रे ओळखावयास शिकविणारा ‘इमेजनेट’ हा प्रसिद्ध चित्रसंग्रह २००९ साली पुढे आला. त्यातील चित्रांची नावनिशी लावण्यासाठी १६७ देशांतील सुमारे ४९ हजार माणसांनी घरबसल्या काम केले होते. संशोधकांची नावे जगाला ठाऊक झाली. त्या ४९ हजारांची झाली नाहीत.

मराठीच्या अभ्यासकाला हा प्रकार अगदीच अपरिचित वाटू नये. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो सुमारे ६० हजार शब्दांपर्यंत गेला. त्यासाठी शब्द गोळा करणारी, अर्थ पारखणारी शास्त्रीमंडळी होती. आज त्या कोशाला ‘मोल्सवर्थ’ एवढेच म्हटले जाते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाची मंडळी तर या भागाला अधिक जवळची, कारण ज्ञानकोश मंडळाची कंपनी नागपूरचीच. २३ खंडांचे ते काम केतकरांनी तडीस नेले. त्यांचा मोठेपणा यत्किंचितही कमी न करता असे म्हणता येईल, की टिपणे काढणारे, नकला करणारे आणि मुद्रिते तपासणारे हात नसते तर तो प्रपंच उभा राहिला नसता. ज्ञानाची मोठी कामे नेहमीच अनेकांच्या हातांनी होतात आणि एकाच्या नावाने ओळखली जातात.

आता मराठीतीलच अलीकडची दोन उदाहरणे पाहू जाता फार बोधप्रद आहेत. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरु येथील संशोधन केंद्रातील अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. संगणकाशी व इंग्रजीशी फारसा परिचय नसलेल्या ग्रामीण माणसांच्या हाती साधे, स्वस्त मोबाइल फोन देऊन त्यांच्याकडून देवनागरीतील हस्तलिखित मराठी-हिंदी शब्द टंकित करून घेण्यात आले. काम दोन आठवडे चालले. त्यांची अचूकता ९६.७ टक्के भरली, म्हणजे व्यावसायिक संस्थेकडून होणाऱ्या कामाच्या तोडीची. पुढच्याच वर्षी, २०२० साली, दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अल्प उत्पन्नाची ग्रामीण माणसे, अल्प उत्पन्नाची शहरी माणसे आणि विद्यापीठातील विद्यार्थी अशा तीन गटांतील ३६ जणांकडून १०९ तासांचे मराठी बोलणे ध्वनिमुद्रित झाले. गरिबांनी केलेले काम विद्यार्थ्यांच्या कामाहून उणे ठरले नाही.

या निष्कर्षांचे स्वागत केलेच पाहिजे. ज्यांच्यापाशी मराठी वाचता येण्याखेरीज दुसरे भांडवल नाही, त्यांच्या त्या भांडवलाला येथे प्रथमच बाजारात मोल आले. तथापि पहिल्या अभ्यासातील एक शिफारस विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. काम करणाऱ्यांचा उत्साह इतका दांडगा होता की, त्यांनी किती काम करावे यावर मर्यादा घालावी, असे अभ्यासकांनाच सुचवावे लागले. वाचकाने येथे क्षणभर थांबावे. ज्या घरात दुसरी मिळकत बेताची, तेथे फोनवरचा एकेक शब्द म्हणजे एकेक नाणे. डोळे दुखले तरी माणूस तो फोन खाली ठेवणार नाही. उत्साह आणि गरज यांतील भेद टक्केवारीत उमटत नाही.

या प्रयोगांतूनच ‘कार्या’ ही संस्था पुढे २०२१ साली उभी राहिली. कामाला तासाला किमान ५ डॉलर मोबदला आणि तीच विदा पुन्हा विकली गेल्यास काम करणाऱ्यालाही त्यातील वाटा, असे तिचे धोरण २०२३ साली जगापुढे आले. त्याच वर्षी जानेवारीत ‘टाइम’ नियतकालिकाने दुसरी बाजूही प्रकाशात आणली. चॅटजीपीटी सभ्य बोलावे म्हणून केनियातील कामगारांना अत्याचाराची व हिंसेची अत्यंत किळसवाणी वर्णने दिवसचे दिवस वाचून त्यांवर खुणा कराव्या लागत होत्या, आणि मजुरी तासाला दोन डॉलरहूनही कमी होती. यंत्राच्या तोंडची सभ्यता कोणाच्या तरी मनःस्वास्थ्याच्या मोलाने आलेली आहे, हे जाणून घेणे वापरणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

मजुरीचा प्रश्न असा आहे. कौशल्याचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. हे काम यांत्रिक असते, असा सर्वसाधारण समज आहे. पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ या अभ्यासगटाने २०२१ साली सुमारे १६ हजार मराठी ट्विटांचा संग्रह सिद्ध केला. प्रत्येक ट्विटाचा भाव अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ, हे त्यात नोंदविलेले आहे. आता समजा, ‘काय शहाणा आहेस रे!’ असे वाक्य समोर आले. आजीने नातवाला म्हटले तर ते कौतुक होय. कारकुनाने कारकुनाला म्हटले तर टोमणा होय. खूण तर एकच करावयाची असते. दोघांनी दोन खुणा केल्या तर तिसऱ्याचे मत घेतात आणि बहुमत ते सत्य मानून पुढे जातात. समीक्षकांना ज्यावर पानेच्या पाने लिहावी लागतात तो व्यंग्यार्थाचा निवाडा येथे काही क्षणांत व्हावा लागतो. हे काम हमालीचे नव्हे, रसिकतेचे आहे. मोबदला मात्र बहुधा नगावर ठरतो.

आणि येथेच सौंसर-पांढुर्णा परिसराचा प्रश्न उभा राहतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. पांढुर्णा आणि सौंसर हे मराठी बोलणारे तालुके त्याच्यासमवेत राहिले. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. घरातील भाषा मराठी, कचेरीची भाषा हिंदी, ही येथील स्थिती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीची बातमी दूरवर जाते. गोटमार हा शब्द त्या बातमीबरोबर छापला जातो म्हणून टिकेल. ज्या शब्दांची बातमी होत नाही त्यांचे काय?

यंत्राला मिळणारी मराठी कोठून येते ते पाहिले म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य कळते. वर उल्लेखिलेल्या पुण्याच्याच गटाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मराठी मजकूरसंग्रहात सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्ये आहेत. काम निःसंशय मोलाचे आहे; परंतु त्यातील मोठा भाग बातम्यांचा आहे, कारण संगणकावर सुलभपणे उपलब्ध होणारी मराठी मुख्यतः वर्तमानपत्री मराठी आहे. १९९० च्या दशकातील कितीतरी मराठी मजकूर त्या वेळच्या निरनिराळ्या टंकांत जुळविलेला असल्यामुळे आजच्या संगणकाला तो रूपांतर केल्याशिवाय उमगत नाही. त्यातच देवनागरी ही हिंदीचीही लिपी. छोटी वाक्ये चाळणीतून जाताना सीमेवरची मराठी हिंदीत जमा होण्याचा धोका राहतो. मराठी-हिंदीची सरमिसळ असलेले बोलणे तर दोन्हींकडून अशुद्ध म्हणून वगळले जाऊ शकते.

यापेक्षाही मोठा धोका सद्हेतूतून संभवतो. नागपुरी-वऱ्हाडी वळणाच्या बोलीत ‘मला’ याचे ‘मले’ होते, ‘करतो आहे’ याचे ‘करून राहिला’ होते, आणि ‘डोळा’, ‘पोळी’ यांतील ‘ळ’चा ‘य’ होऊन ‘डोया’, ‘पोयी’ असे उच्चार ऐकू येतात. शाळेत शुद्धलेखन शिकलेली एखादी तरुणी ध्वनिफीत ऐकत आहे. कानावर पडते ‘मले पोयी दे’. तिचा हात लिहितो ‘मला पोळी दे’. तिने चूक केली असे कोणी म्हणणार नाही. शाळेने तिला हेच शिकविले. परंतु त्या एका सुधारणेने बोलणारी म्हातारी नोंदीतून पुसली जाते, आणि पुढे ते यंत्र जेव्हा त्याच म्हातारीच्या नातीशी बोलू लागेल तेव्हा आजीचे बोलणे त्याला कळणार नाही. यंत्राचा एक स्वभावही येथे ध्यानात ठेवला पाहिजे. जे ठाऊक नाही तेथे ते बहुधा गप्प बसत नाही. सफाईदार वाक्यात चुकीचे सांगून मोकळे होते.

ग्रियर्सनच्या भाषिक पाहणीत मराठीचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्या पाहणीसाठी ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेची त्या-त्या बोलीतील भाषांतरे मागविली गेली होती. गोष्ट परकी आणि संकलन सरकारी होते, तरी बोलीतील शब्द बोलीप्रमाणे लिहिण्याचा कटाक्ष त्या पाहणीत होता. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी जे भान राखले गेले ते आज सुटू नये, एवढी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ उपक्रमात ‘भाषादान’ या नावाने लोकांकडून आवाज व मजकूर घेण्याची सोय आहे. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेने गूगलच्या साहाय्याने हाती घेतलेल्या ‘वाणी’ प्रकल्पात जिल्हा हा एकक धरून बोलणे गोळा केले जाते. राज्याऐवजी जिल्हा धरण्याची ही पद्धत सीमाभागाच्या दृष्टीने योग्य म्हटली पाहिजे. मात्र ‘दान’ हा शब्द वापरताना दाता कोण याचा विचार व्हावा. सुस्थितीतील माणसाने दान द्यावे. मजुराने वेळ दिला तर त्याला मजुरी मिळावी.

ग्रंथालयासारख्या संस्थेचे यात स्थान कोणते, असा प्रश्न सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीची पुस्तके ग्रंथालयाच्या कपाटांत आहेत. त्यांतील अनुस्वार अनावश्यक मानून गाळता ती जशीच्या तशी संगणकावर यावीत. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी ग्रंथ सर्वांसाठी खुला होतो, तेव्हा कायद्याची मर्यादा पाळूनही करता येण्याजोगे पुष्कळ आहे. वृद्धांचे बोलणे त्यांना पूर्वकल्पना देऊन, त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावे. ‘मले’ हे ‘मले’ असेच लिहावे आणि प्रमाण रूप हवे असल्यास शेजारच्या रकान्यात द्यावे. नोंदीत गावाची दोन्ही नावे यावीत. आणि हे काम ज्या मुलामुलींकडून करवून घ्यावयाचे त्यांना योग्य मोबदला द्यावा व त्यांची इच्छा असल्यास नावही नोंदवावे.

प्रत्येक जुन्या ग्रंथालयात दाखल नोंदवही असते. पुस्तक कोणत्या दिवशी आले, कोणी दिले, किंमत किती, हे तीत ग्रंथपालाच्या अक्षरात लिहिलेले असते. त्या वहीमुळेच कपाटातील ढिगाचे ग्रंथालय होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि सर्वांना आनंद झाला. त्या अभिजात भाषेत जामसांवलीच्या वाटेवर संत्री विकणाऱ्या बाईचे बोलणेही मोडते. यंत्राच्या नव्या नोंदवहीत तिचे शब्द तिच्याच उच्चारात दाखल व्हावेत, आणि ते लिहून घेणाऱ्या हाताचीही तेथे नोंद राहावी, एवढीच या शताब्दीच्या निमित्ताने सभासदांना विनंती.