परागंदा कलावंताचा आसरा

कलेला राजाश्रय पाहिजे, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. राजानें गवयाला बिदागी द्यावी, चिताऱ्याला इनाम द्यावें, कवीच्या अंगावर शाल घालावी, हें ऐकतच पिढ्या वाढल्या. परंतु ज्या कलावंतावर राजाचाच कोप झाला, त्यानें कोणाच्या दारीं जावें? हा प्रश्न विसाव्या शतकांत असंख्य कलावंतांपुढें उभा राहिला आणि तो अद्यापि सुटलेला नाहीं. त्याचें एक उत्तर मुंबई शहरानें फारसा गाजावाजा न करतां दिलें होतें. त्या उत्तरांत पुरेसें काय होतें आणि उणें काय होतें, हें पाहण्यासारखें आहे.

१९३३ सालच्या जानेवारींत जर्मनीची सत्ता हिटलरच्या हातीं गेली. त्याच वर्षीं ज्यू वादकांना, नटांना व संपादकांना कामावरून दूर करण्यास आरंभ झाला. मे महिन्यांत बर्लिनच्या चौकांत पुस्तकांची होळी पेटली. १९३८ च्या मार्चमध्यें ऑस्ट्रियाही त्याच राजवटीखालीं गेला. ज्यांना निघतां आलें ते निघाले. बहुतेकांची दृष्टि लंडन अगर न्यूयॉर्ककडे होती. थोडे मुंबईच्या धक्क्याला लागले.

त्यांपैकीं वॉल्टर कौफमन हे संगीतकार. त्यांचा जन्म १९०७ सालीं बोहेमियांतील कार्लसबाद येथें झाला व शिक्षण बर्लिनमध्यें. १९३४ सालीं ते मुंबईस आले. येथील संगीत प्रथम ऐकलें तेव्हां त्यांना तें मुळींच उमगलें नाहीं. परंतु जें संगीत लक्षावधि माणसांना प्रिय आहे तें आपणांस कळत नसेल तर दोष आपलाच, असें मानून ते शिकावयास बसले. त्यांनीं पाश्चात्य संगीताची एक मंडळी काढली. मेहली मेहता यांच्यासारखे मुंबईकर वादक तींत होते. १९३७ पासून १९४६ पर्यंत नभोवाणीच्या मुंबई केंद्रावरील युरोपियन संगीताचा विभाग त्यांच्याकडे होता. तंबोऱ्याच्या झंकारावर उमटणारी जी स्वरावली ऐकून घरोघरीं दिवस उजाडत असे, ती नभोवाणीची ओळखधून त्यांचीच रचना म्हणून सांगितली जाते.

व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांना टाइम्स ऑफ इंडिया या वृत्तपत्रांत कलाविभागाचें काम मिळालें. बर्लिनचे रूडॉल्फ फॉन लायडन शिक्षणानें भूगर्भशास्त्रज्ञ. ते मुंबईस येऊन चित्रकलेवर लिहूं लागले. इमॅन्युएल श्लेसिंजर हे व्हिएन्नाचे व्यापारी. त्यांनीं येथें औषधांचा धंदा उभारला आणि नव्या चित्रकारांचीं चित्रें विकत घेतलीं. एकानें शिकवावें, दुसऱ्यानें समजावून सांगावें, तिसऱ्यानें विकत घ्यावें, अशी ही त्रयी जमली. रझा, आरा, सूझा, हुसेन, गाडे, बाकरे या ज्या तरुणांनीं १९४७ सालीं प्रगतिशील कलावंतांचा संघ काढला, त्यांच्या वाढीला या तिघांचा हात लागला. आसरा घेण्यास आलेलीं माणसें आसरा देणाऱ्या शहरालाच देणें देऊन गेलीं.

या कहाण्यांवरून एक हिशेब मांडतां येतो. परागंदा कलावंताला चार गोष्टी लागतात: देशांत पाऊल ठेवण्याचा परवाना, डोक्यावर छप्पर, स्वतःच्या कलेवर मिळणारी भाकरी, आणि ती कला ऐकणारा व पाहणारा समाज. यांतील एक जरी नसली तरी उरलेल्या तीन लंगड्या पडतात. बर्लिनच्या एका नामांकित वाङ्मयीन साप्ताहिकाचे संपादक विली हास १९३९ सालीं मुंबईस आले. मोहन भवनानी यांच्या चित्रपटसंस्थेसाठीं त्यांनीं कथा लिहिल्या. पोटाचा प्रश्न सुटला. पण जर्मन भाषेंत लिहिणाऱ्यास येथें वाचक कोठून मिळावा? सूर परमुलखांत तग धरतात, शब्द सहसा धरीत नाहींत. युद्धानंतर हास जर्मनीस परतले.

मुंबईच्या उत्तरांतील उणीव येथेंच दिसते. तें सारें ओळखीवर आणि योगायोगावर उभें होतें. १९३४ सालीं स्थापन झालेली ज्यू साहाय्यक संस्था येणाऱ्याचा भार सरकारवर पडणार नाहीं अशी हमी देई. ज्याला हमीदार नाहीं त्याला परवाना मिळणें कठीण. व्हिएन्नाच्या नर्तिका हिल्डे होल्गर १९३९ सालीं मुंबईस पोहोंचल्या. पुढें त्यांनीं येथें नृत्यशाळाही काढली. मागें राहिलेले त्यांचे अनेक आप्त मारले गेले. शिवाय मिळालेल्या आसऱ्याचीही शाश्वती नव्हती. सप्टेंबर १९३९ मध्यें युद्ध सुरू होतांच जर्मन पुरुष शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अहमदनगरच्या छावणींत डांबले गेले. हिटलरच्या जाचांतून निसटलेले आणि हिटलरचे भक्त एकाच कुंपणाआड आले. चौकशी होऊन अनेक निर्वासित सुटले खरे; परंतु आश्रयदात्याची मर्जी फिरली कीं काय होतें, याचा धडा त्यांना मिळाला.

योगायोगाच्या जागीं व्यवस्था आणण्याचा प्रयत्न शतकाच्या अखेरीस झाला. १९९३ सालीं अल्जीरियांत ताहर जाऊत या लेखकावर गोळ्या झाडण्यांत आल्या व त्यांत त्यांचा अंत झाला. त्याच वर्षीं स्ट्रासबर्ग येथें लेखकांची एक आंतरराष्ट्रीय संसद उभी राहिली. मुंबईंत जन्मलेले सलमान रश्दी तिचे पहिले अध्यक्ष. छळ झालेल्या लेखकाला शहरांनींच आसरा द्यावा, ही कल्पना तेथें रुजली. २००६ पासून नॉर्वेंतील स्टाव्हेंगर शहरीं या आश्रयनगरांच्या मंडळाचें कार्यालय आहे. लेखकांबरोबर संगीतकार व चित्रकारही आतां त्याच्या कक्षेंत येतात. अर्जदारावरील संकट खरें आहे कीं नाहीं याची आधीं शहानिशा होते. मग एखादें सभासद शहर त्याला साधारणतः दोन वर्षें राहण्यास घर देतें, दरमहा वेतन देतें, आणि परवाना, दवाखाना, मुलांची शाळा यांसाठीं एक माणूस नेमून देतें.

या योजनेचें मर्म पैशाच्या व्यवस्थेंत आहे. दात्याच्या लहरीवर ठेवलेला निधि आज आहे, उद्यां नाहीं; शहराच्या अंदाजपत्रकांत मांडलेली रक्कम कलावंताला मान खालीं न घालतां घेतां येते. दिवाबत्ती आणि ग्रंथालय यांच्या शेजारींच ही बाब लिहिली गेली, म्हणजे ती भिक्षा न राहतां नागरी कर्तव्य होते. दोन वर्षांची मुदत संपल्यावर मायदेशाचें दार बंदच असेल तर पुढें काय, हा प्रश्न मात्र उरतो. यासाठीं पहिल्या दिवसापासूनच कलावंताला तेथील भाषा शिकवावी, प्रकाशकांशीं व रंगभूमीशीं गांठ घालून द्यावी, हा मार्ग हिताचा.

आश्रय देणाऱ्यानें उपकाराची भाषा बोलूं नये, हें मुंबईच्या अनुभवावरून शिकावें. कौफमन १९४६ सालीं येथून गेले, पण शिकलेलें विसरले नाहींत. उत्तर हिंदुस्थानच्या रागांवरील त्यांचा ग्रंथ १९६८ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. लायडन यांनीं गंजिफांचा अभ्यास केला. सावंतवाडीच्या कारागिरांनीं हातानें रंगविलेले ते वाटोळे पत्ते घरच्यांच्याही विस्मरणांत चालले होते. त्यांवर १९८२ सालीं लंडनच्या संग्रहालयानें लायडन यांचें पुस्तक काढलें. परक्या दारीं आलेल्या माणसाला चार वर्षें निर्धास्तपणें काम करूं दिलें, तर तो काय देऊन जाईल हें आधीं सांगतां येत नाहीं. म्हणून देण्याचा विचार करणाऱ्या नगरानें परतफेडीचा हिशेब आधीं मांडूं नये. घराची किल्ली तेवढी वेळेवर हातीं द्यावी.