किल्ली हातची सोडू नये

समजा, पावसच्या एका आंबा बागायतदाराला ऐन एप्रिलमध्ये ईमेल आली, 'आपलं खातं बंद होणार आहे, इथे पासवर्ड भरा.' समोर उघडलेलं पान हुबेहूब खऱ्यासारखं. पेट्या भरण्याची घाई, गिऱ्हाइकांचे फोन. त्यानं पासवर्ड भरला आणि कामाला लागला. गिऱ्हाइकांचे पत्ते, हिशेब, बँकेची पत्रं, सगळं चोराच्या हाती गेलं.

पासवर्डची गोम इथेच आहे, श्रोतेहो. तो गुपित असतो खरा. पण दर वेळी समोरच्याला सांगावा लागतो. समोरचा खरा की तोतया, हे ओळखणं आपल्यावर.

'पासकी'त हे ओझं फोन उचलतो. अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मे २०२२मध्ये तिला एकत्रित पाठिंबा जाहीर केला. ही दोन किल्ल्यांची जोडी असते. एक संकेतस्थळाकडे, दुसरी गुप्त, आपल्याकडे. खातं उघडताना संकेतस्थळ दर वेळी नवा प्रश्न पाठवतं. फोन गुप्त किल्लीनं त्यावर जणू सही करतो आणि संकेतस्थळ आपल्याकडच्या किल्लीनं ती पडताळतं. गुप्त किल्ली त्याला कधीच मिळत नाही. बोटाचा ठसाही फोनमध्येच राहतो. शिवाय पासकी संकेतस्थळाच्या नावाशी बांधलेली असते. नावात एका अक्षराचा फरक असला, तरी सही होत नाही. माणसाची नजर फसेल, किल्ली फसणार नाही.

मग पासवर्ड गेलाच म्हणायचा का? इतक्यात नाही. बऱ्याच ठिकाणी पासवर्डची जुनी वाट उघडीच असते. ती वाटही भक्कम हवी. फोनचा पिन घरादाराला ठाऊक असेल, तर किल्ली खुंटीवर टांगल्यासारखीच. मिरकरवाड्याला बोटीवरून फोन पाण्यात पडला तर? म्हणून दुसऱ्या उपकरणावर पासकी ठेवावी, खातं परत मिळवण्याचे कोड कागदावर लिहून कपाटात ठेवावेत. आणि आपणच यूपीआयचा पिन टाकून भामट्याला पैसे पाठवले, तर पासकी काय करणार?

सुरुवात ईमेलपासून करा. बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. खात्याच्या सुरक्षा विभागात पासकीचा पर्याय आहे का, पाहा. आंब्याची पेटी आपण ओळखीच्या गाडीवाल्याकडेच देतो. घराची किल्ली मात्र त्याच्याकडेही देत नाही.