‘आमचा अंतर्गत प्रश्न’



युनोला दात नाहीत, असं आपण सहज म्हणतो. दात आहेत, पण ते पाच जणांच्याच तोंडात आहेत.

३० ऑक्टोबर १९७४. दक्षिण आफ्रिकेला संयुक्त राष्ट्रांतून काढा, असा ठराव सुरक्षा परिषदेत आला. पंधरापैकी दहा देश बाजूने. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स या तिघांनी एकदमच नकाराधिकार वापरला. भाषणात वर्णद्वेषाचा निषेध तिघेही करत होते हं! पण तिथं सोनं होतं, युरेनियम होतं, ब्रिटिश भांडवल होतं, फ्रेंच शस्त्रांचं गिऱ्हाईक होतं, केपचा सागरी मार्ग होता. शार्पव्हिलला १९६० साली पोलिसांनी ६९ माणसं मारली. सक्तीची शस्त्रबंदी यायला १९७७ उजाडलं.

प्रिटोरियाचं म्हणणं एकच : हा आमचा अंतर्गत प्रश्न. १९४६ मध्ये भारताने ते मानलं नाही. तिथल्या भारतीयांसाठी युनोत तक्रार नेली, आणि योग्यच केलं. त्याच वर्षी बाबासाहेब डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या युनोकडच्या अर्जाच्या प्रती मागत होते. अस्पृश्यांचाही तसाच अर्ज न्यायचा विचार होता.

मग २००१ साल आलं. वंशभेदविरोधी परिषद, आणि तीही दक्षिण आफ्रिकेतल्याच डर्बनला. आपले कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन गेले. सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न. भारताकडे व्हेटो नव्हता, पण वजन पुरलं. अंतिम जाहीरनाम्यात ‘जात’ हा शब्द आला नाही.