साठीचें गाणें

आयुष्याचीं वर्षें मोजण्याच्या ज्या रीती आपल्याकडे आहेत, त्यांत साठीचा मान विशेष आहे. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरांची माळ एकदां पुरी फिरली, म्हणजे जन्मकाळचें संवत्सर त्याच नांवानें पुन्हां दारीं येतें. म्हणून साठीला उग्ररथशांति करावयाची, सत्तरीला भीमरथी, आणि हजार पौर्णिमा भरल्या म्हणजे, सुमारें ऐंशी वर्षें दहा महिन्यांनीं, सहस्रचंद्रदर्शन. शास्त्रानें होम, अभिषेक आणि दानें सांगितलीं. गाणें मात्र लोकांनीं आपल्या हौसेनें त्यांत आणून बसविलें.

अहमदनगर जिल्ह्यांत, ज्याला आतां अहिल्यानगर म्हणतात, ही हौस सहज समजण्यासारखी आहे. शके 1212 मध्यें, म्हणजे 1290 सालीं, जेथें प्रवरेकांठीं नेवाशास ज्ञानेश्वरी पुरी झाली, तेथें टाळ आणि वीणा या घरच्याच वस्तू होऊन बसल्या तर नवल नाहीं. खेड्यांत वडीलधाऱ्या माणसाची साठी किंवा पंचाहत्तरी आली, कीं दुपारच्या पंक्ती उठल्यावर रात्रीं भजन व्हावयाचेंच. पखवाजावर बसणारा बांधाचा शेजारी, वीणा घेणारा पंढरीच्या वाटेवरचा सोबती, आणि टाळ धरणारे ते, ज्यांच्याबरोबर उत्सवमूर्तीनें वर्षानुवर्षें एकादशी जागविली. तेथें बिदागीचा प्रश्नच निघत नाहीं. शहरांतील दिवाणखान्यांत तेंच काम पेटी, तबला आणि जुनीं नाट्यपदें करतात.

पैसे देऊन बोलाविलेला गवई याहून चांगला गाईल, हें खरें. परंतु कोणतें पद निघालें असतां या गृहस्थाचे डोळे भरतात आणि कोणत्या जागेवर त्याची मान डोलते, हें मित्रालाच ठाऊक असतें. शिवाय साठी उलटलेल्या माणसाला वस्तूंची वाण नसते. त्याच्यासाठीं कोणी आपला वेळ, आपला श्वास आणि थोडीशी फजितीची तयारी खर्च करावी, हा अहेर निराळाच.

या अहेराचें मोल केवढें असतें, तें पुण्यांतील एका साठीवरून दिसून येतें. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांचा जन्म 19 जानेवारी 1886 रोजीं धारवाडाकडील कुंदगोळ येथें झाला. अब्दुल करीम खांसाहेबांचे हे शिष्य. कर्नाटकांतील या गवयानें मराठी रंगभूमी गाजविली, आणि पुढें गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर व भीमसेन जोशी यांच्यासारखे शिष्य तयार केले. गंगूबाई हुबळीहून आगगाडीनें शिकावयास येत. भीमसेन गुरुगृहींच राहून पाणी भरीत व शिकत. पण 1942 च्या सुमारास अर्धांगवायूनें गुरुजींना गांठलें, आणि मैफलींतून त्यांचें गाणें थांबलें.

पुढें शके 1867 मध्यें त्यांच्या जन्माचें पार्थिव संवत्सर फिरून आलें. जानेवारी 1946 मध्यें पुण्यांत त्यांच्या षष्ट्यब्दिपूर्तीचा समारंभ झाला, आणि त्यांत भीमसेन गायले. त्यांचीं चोवीस वर्षें अद्याप पुरीं व्हावयाचीं होतीं. त्या गाण्यानें श्रोत्यांनीं त्यांना ओळखलें आणि गुरूंनींही संतोष दर्शविला. ज्या गळ्यानें हें गाणें शिकविलें, तो स्वतः मुका झाला असतां, तेंच गाणें दुसऱ्याच्या गळ्यांतून त्याच्या कानीं पडावें, याहून साठीचा मोठा सत्कार कोणता?

12 सप्टेंबर 1952 रोजीं सवाई गंधर्व वारले. 1953 पासून त्यांच्या स्मरणार्थ पुण्यांत जो संगीतोत्सव सुरू झाला, तो पुढें देशभर गाजला. भीमसेनांनीं तो पुष्कळ वर्षें सांभाळला. त्यांना स्वतःला 2008 सालीं भारतरत्न जाहीर झालें. त्या उत्सवास हजारों श्रोते लोटले. परंतु ज्याच्या नांवें तो भरतो, त्याला त्यांतील एक सूरही ऐकतां आला नाहीं. 1946 चें गाणें लहान खरें, पण तें त्यानें ऐकलें.

पुण्यतिथीचें गाणें गेलेल्याच्या नांवें होतें आणि राहिलेल्यांसाठीं असतें; वाढदिवसाचें गाणें मात्र ज्याचें त्याला पोंचतें. म्हणून घरांत साठी येत असेल, तर मंडप आणि ध्वनिक्षेपक यांचा विचार मागाहून करावा; आधीं जुन्या मित्रांकडे निरोप धाडावा. भाषणें दोनच ठेवावीं. वडिलांची बैठक गाणाऱ्यांच्या जवळ असावी, म्हणजे दूरच्या ओट्यावर हार घालून बसण्याची शिक्षा त्यांना होणार नाहीं. आणि मैफल रंगल्यावर त्यांनीं टाळाकडे हात पुढें केला, तर टाळ त्यांच्या हातीं द्यावा.