सावकार बाहेरचा, सासरा घरातला



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सिनेमाचा अभ्यासक नाही, पण जुने सिनेमे पाहण्याचा नाद आहे. आज खेड्यावरच्या दोन मूकपटांबद्दल बोलतो. एक आपला, एक रशियाचा.

आपला म्हणजे 'सावकारी पाश'. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तो १९२५ साली काढला. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात मजुरीला जातो. त्या तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांतारामांनी केलं होतं. पडद्यावर देवादिकांची आणि राजेरजवाड्यांची गर्दी असताना पेंटरांनी तिथे कर्जबाजारी कुणबी आणला. आपल्या नगर जिल्ह्याला ही गोष्ट नवी नव्हती. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं हिसकावून जाळली होती.

दुसरा सिनेमा 'रियाझानच्या बायका'. साल १९२७, दिग्दर्शिका ओल्गा प्रेओब्राझेन्स्काया. पहिल्या महायुद्धाच्या काळातलं रशियन खेडं. ॲना लग्न होऊन सासरी येते. नवरा लढाईवर जातो. मागे सासराच तिच्यावर जबरदस्ती करतो. तिला मूल होतं. गाव बोट दाखवतं ते तिच्याकडे. नवरा परततो, तोही तिलाच दोष देतो. ॲना नदीत जीव देते.

रशियात क्रांती होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. सगळं खापर झारवर आणि जमीनदारावर फोडणं सोपं होतं. या बाईने कॅमेरा घरात नेला. शेतकरी गरीब होता, नाडलेला होता, हे खरंच. पण तोच शेतकरी घरात जुलमी असू शकतो, हेही तिने दाखवलं.

मला वाटतं, समाजाला दोन्ही सिनेमे लागतात. आपण मुस्लिम तरुण पहिला सिनेमा रोज सांगतो. आडनाव ऐकून घर भाड्याने मिळत नाही, हे खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. पण दुसरा सिनेमा कोण काढणार?

विषय लांब शोधायला नको. वडिलांच्या माघारी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात, तो प्रसंग घ्या. कुरआनात मुलीचा हिस्सा स्पष्ट सांगितला आहे. तरी तिला म्हणतात, "हिस्सा घेतलास तर माहेर तुटेल." हिंदू घरातही हेच चालतं, तिथे कायदा तिच्या बाजूने आहे, तरीही. सही करताना ती हसते, सगळे चहा पितात, आणि तिचा हक्क गेल्याची कुठे चर्चासुद्धा होत नाही. इथे सावकार कुणी नाही. भाऊच आहे, म्हणजे आपणच.

आणि हे आपल्याला जमणार नाही असं म्हणू नका. नागराज मंजुळे याच नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकले. विद्यार्थी असतानाच त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आज तुमच्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

पाच मिनिटांची फिल्म करा. पण ती करण्याआधी घरी जाऊन सातबारा काढा आणि बहिणीचं नाव त्यावर आहे का, ते बघा. नसेल, तर आधी तलाठ्याकडे जा. फिल्म नंतर.