दमनकाचे चिनी भाऊबंद



पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे, अशी नोंद पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात आहे. तगर म्हणजे आपलं तेर. इथलं साधं कापड आणि तलम मलमल बैलगाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराकडे जायची. पंचतंत्राच्या पहिल्या तंत्राची सुरुवातही अशाच प्रवासाने होते. दक्षिण देशातल्या महिलारोप्य नगरातला वर्धमान नावाचा व्यापारी गाडी जुंपून मथुरेकडे निघतो. यमुनेकाठच्या चिखलात त्याचा संजीवक नावाचा बैल पाय मोडून बसतो, गाडी त्याला सोडून पुढे जाते आणि त्या रानात आपल्याला दमनक भेटतो.

दमनक म्हणजे कोल्हा. पिंगलक सिंह आणि संजीवक यांची मैत्री जुळवतो तोच, आणि मैत्री फार घट्ट होऊन आपली उपासमार व्हायला लागली की ती तोडतोही तोच. कान कोणीही भरेल. दमनकाची करामत त्यापुढची आहे. सिंहाला तो सांगतो, ‘बैल शिंगं रोखून, इकडेतिकडे बघत आला, तर समजा त्याच्या मनात दगा आहे.’ बैलाला सांगतो, ‘सिंहाचे डोळे लाल दिसले, भुवया चढलेल्या दिसल्या, तर समज तुझं काही खरं नाही.’ मग काय होणार? बैल घाबरत घाबरत येतो म्हणून त्याची शिंगं आपसूक पुढे होतात. ते बघून सिंहाच्या भुवया चढतात. प्रत्येकाला सांगितलेली खूण समोर तंतोतंत दिसते. दमनकाला पुरावा तयार करावा लागत नाही, ते दोघेच तो एकमेकांसाठी तयार करतात.

असाच एक जण मला चिनी गोष्टींतही भेटला. चीनमध्ये तलवारबाजांच्या, आखाड्यांच्या, गुरु-शिष्यांच्या गोष्टींचं एक मोठं दालन आहे. त्याला ‘वुश्या’ म्हणतात. त्यातला सगळ्यांत जास्त वाचला गेलेला लेखक म्हणजे हाँगकाँगचा जिन योंग. जन्म 1924, मृत्यू 2018. ‘मिंग पाओ’ हे वर्तमानपत्र त्याने 1959 मध्ये काढलं आणि त्यातच 1967 ते 1969 या काळात ‘श्याओ आओ जियांगहू’ ही कादंबरी क्रमशः लिहिली. तिच्यातला खलनायक युए बुछुन हा दमनकाचा थेट भाऊबंद आहे असं मला वाटतं, आणि त्याच्याहून भयंकर आहे.

बुछुन हुआशान पर्वतावरच्या आखाड्याचा प्रमुख. लोक त्याला ‘सज्जन तलवार’ म्हणतात. बोलणं सौम्य, वागणं शिस्तीचं, तोंडात सदैव धर्म-अधर्माची भाषा. गोष्टीच्या सुरुवातीला लिन नावाचं एक घराणं शत्रूंच्या हल्ल्यात उद्ध्वस्त होतं. त्या घरातल्या पोरक्या मुलाला बुछुन आपल्या पदराखाली घेतो, शिष्य करतो. वाचकाचे डोळे पाणावतात. पण लिन घराण्याकडे तलवारीची एक गुप्त विद्या आहे, एका भिक्षूच्या वस्त्रावर लिहिलेली. तिच्यासाठी बुछुनने हल्ला होण्याआधीच आपल्या मुलीला आणि एका शिष्याला वेषांतर करून लिन घराण्याच्या गावाबाहेर दारूचं दुकान थाटायला पाठवलेलं असतं. पुढे ते वस्त्र तो स्वतः लंपास करतो आणि चोरीचा आळ आपल्या थोरल्या शिष्यावर, लिंगहू छोंगवर, येऊ देतो. कादंबरी संपवून पुन्हा पहिल्या पानावर आलात की त्याची एकेक दया म्हणजे पटावर सरकवलेली एकेक सोंगटी होती हे कळतं. केसाने गळा कापणं ते हेच.

याची किंमत त्याचं घरच मोजतं. नवऱ्याचं खरं रूप कळल्यावर बायको जीव देते. मुलीला तिचाच नवरा, तो पोरका लिन, मारून टाकतो. बुछुन पाच पर्वतांच्या संघाचा प्रमुख होतो खरा, पण शेवटी एका साध्याभोळ्या तरुण भिक्षुणीच्या तलवारीने मरतो.

ही कादंबरी व्हिएतनाममधल्या सायगॉनच्या 21 वर्तमानपत्रांत एकाच वेळी छापली जात होती. तिथल्या संसदेतले सभासद भांडताना एकमेकांना ‘तू युए बुछुन’ म्हणत, असं जिन योंगने स्वतः नोंदवलं आहे. आपल्याकडे शकुनीमामा म्हणावं तसं!

चीनला कोल्हा काही नवा नव्हता. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला चांगआन शहरात बौद्ध भिक्षूंच्या नियमांचा एक ग्रंथ चिनीत उतरवला गेला. त्यात चहाडीचा दोष समजावताना सिंह, वाघ आणि कोल्ह्याची गोष्ट येते. कोल्हा दोघांचे कान भरतो. पण इथे ते दोघे समोरासमोर येतात तेव्हा एकजण सरळ विचारतो, ‘तू असं म्हणालास का?’ आणि कोल्हा मरतो. आपल्या पंचतंत्रात मात्र बैल मरतो आणि दमनक मंत्री होतो. पंचतंत्राच्या अरबी भाषांतरकाराला हे सोसलं नाही, त्याने दमनकावर खटला चालवण्याचं एक प्रकरणच पुढे जोडलं. मला पंचतंत्राचा शेवट जास्त खरा वाटतो. भावकीच्या बांधावर, गावकीच्या राजकारणात आपण तो पाहतो. वर्षानुवर्षं अबोला असतो, आणि अबोला धरलेल्या दोघांमध्ये ये-जा असते ती एकट्या तिसऱ्याची.

अशा माणसाची पारख कशी करायची? तेरच्या श्रोत्यांना संत गोरोबाकाका कुंभारांचं थापटणं सांगायला नको. संतमंडळी जमली होती, काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून मडकं कच्चं की पक्कं ते पाहिलं. बाकीचे गप्प बसले. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. त्या कसोटीला युए बुछुन बसला असता तर त्याने हूं की चूं केलं नसतं, उलट हात जोडून हसला असता. लिंगहू छोंग मात्र कळवळून ओरडला असता. तो दारू पितो, नको त्यांच्याशी मैत्री करतो, तोंडाला येईल ते बोलून जातो. म्हणूनच गुरूने त्याला आखाड्यातून हाकललं आणि तशी पत्रं मोठमोठ्या आखाड्यांना धाडली, तेव्हा बहुतेकांनी विश्वास ठेवला तो सज्जन तलवारीच्या सुवाच्य अक्षरावर.